तिंबकभाऊंचा खोडलेला कागद

अनघा आणि निखिल,

मागच्या रविवारी फोनवर अनघाने नोकरी लागल्याचं सांगितलं. पुढाऱ्यांची आणि कंपन्यांची बाजू सरकारपुढे, लोकांपुढे मांडून देणारी फर्म आहे म्हणाली, आणि मग जरा अडखळून, "आजी, तुला हे कसं समजावून सांगू?" मी म्हटलं, समजावू नकोस, हे काम मी मेहकरला सहा वर्षं केलं आहे. त्यावर तुम्ही दोघंही गप्प झालात. ते गप्प होणं मला तेव्हापासून टोचतं आहे. तुमच्या आईलासुद्धा मी हे कधी नीट सांगितलेलं नाही. सांगायचं तर आताच, अनघाने पहिला कागद लिहिण्याआधी.

मात्र हे माझ्याबद्दल नाही. मी टाइप करत असे, एवढंच. हे त्र्यंबक शेळके यांच्याबद्दल आहे. खेड्यातले लोक त्यांना तिंबकभाऊ म्हणत, आणि ते स्वतःही स्वतःला तेच म्हणत.

मी लग्न होऊन मेहकरला आले तेव्हा ते तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली टेबल टाकून अर्ज लिहीत. असे तिघे-चौघे होते. बाकीच्यांच्या टेबलाला एक खुर्ची, लिहिणाऱ्याची. तिंबकभाऊंच्या टेबलाला तीन. गावाकडून आलेली माणसं बसल्याशिवाय ते स्वतः बसत नसत. माणूस म्हणे, "मी उभाच बरा हाय," तर तेही उभे राहत, आणि मग त्या माणसाला नाइलाजाने बसावं लागे. बुटके, रुंद खांद्यांचे, धोतर गुडघ्याच्या थोडंच खाली, कोटाच्या उजव्या खिशात फुटाणे. साहेबाच्या शिपायापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत ज्याला त्याला मूठभर फुटाणे. त्यापलीकडे त्यांनी कुणाला काही दिल्याचं मी पाहिलं नाही.

ऐकण्याची त्यांची एक रीत होती. माणूस बोलत असता ते दर वाक्याला "मंग?" म्हणत. आवाज चढवून नाही, पुढे काय झालं ते खरंच हवं असल्यासारखं. "रस्ता वाहून गेला." "मंग?" "पोरं शाळेत गेले नाईत." "मंग?" "मंग काई नाई, घरीच राह्यले." तेव्हा कुठे ते लेखणी उचलत. अर्जात रडगाणं त्यांना चालत नसे. "आमचे अतोनात हाल होत आहेत" असं कुणी लिहून आणलं की ते त्यावर बोट ठेवत. "हाल साहेबाले दिसत नाईत. किती दिवस शाळा बंद होती, थे सांग. थे दिसते."

तुमचे आजोबा तिथेच वकिली करत. घरात त्यांचा टाइपरायटर होता आणि माझ्याकडे नागपूरची बी. ए. होती. दोन्हींना दुपारी काम नसे. एकदा तिंबकभाऊ ओसरीपाशी येऊन उभे राहिले. हातात सरकारी पत्र.

"वहिनी, वकीलसाहेब कोर्टात हायेत म्हने. हे इंग्रजी आहे. यात नाई म्हनून राह्यले का हाव म्हनून राह्यले, येवढंच सांगा."

मी वाचलं. चार परिच्छेदांचं पत्र होतं आणि त्यात नाही किंवा हो असं काहीच नव्हतं. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजे नाई." आणि ओसरीवर बसले. त्या दिवसापासून माझी दुपारची मोकळीक संपली.

राज्यं बदलली होती आणि आमच्या भागाची राजधानी नागपूरची मुंबई झाली होती. नागपूरला माणूस ओळखीपाळखीने जाऊन येई. मुंबईच्या सचिवालयात जायचं म्हणजे आधी मलकापूरपर्यंत एसटी, मग आगगाडी, आणि तिथे कुणी आपलं नाही. गावाचा कागद जाई आणि परत येत नसे. तिंबकभाऊंनी ठरवलं की कागद पोस्टाने जाणार नाही, आपण घेऊन जायचं. "कागदाले पाय नाईत वहिनी. माह्ये आहेत." टेबल टेबल त्याच्याबरोबर फिरायचं, कुठे अडला ते पाहायचं, परत येऊन गावाला सांगायचं. त्यांचा खरा धंदा इथून सुरू झाला. मी इंग्रजी मसुदे करी, टाइप करी, आणि ते पिशवीत भाकरी, ठेचा आणि आठ-दहा गावांचे कागद घेऊन निघत.

सचिवालयात एका तरुण अधिकाऱ्याने त्यांच्या "मले" आणि "तुमाले" वर हसून विचारलं होतं, की शेळके, तुमचे कागद इतके स्वच्छ असतात, मग बोलणं असं का? तिंबकभाऊंनी त्याला फुटाणे दिले आणि म्हणाले, "कागद तुमच्यासाठी लिवला साहेब, म्हनून तुमच्या भाषेत आहे. तोंड माह्यं हाय." त्या अधिकाऱ्याने पुढे त्यांना कधी बाहेर बसवून ठेवलं नाही. हा किस्सा ते स्वतः सांगत नसत, मला तो तुमच्या आजोबांकडून कळला.

आता त्यांची सर्वांत महत्त्वाची सवय. कुठलाही कागद पाठवण्याआधी ते तो त्या गावात नेऊन चावडीवर मोठ्याने वाचत. इंग्रजी असेल तर मराठीत सांगत. ज्याला वाटेल त्याने म्हणायचं, हे असं नाही. कुणी तसं म्हटलं की ते वाक्य ते तिथेच, सगळ्यांसमोर खोडत. खोडलेला कागद फाइलला राही, त्यावरून केलेली नक्कल मुंबईला जाई.

एकदा त्यांच्याच गावात, उमरटेकला, हे मी पाहिलं. उमरटेक जानेफळच्या पलीकडे, नाल्याच्या अंगाला. विहिरीसाठी अर्ज होता. "गावातील सर्व स्त्रिया मैलभरावरून पाणी आणतात," असं मी लिहिलं होतं. तिंबकभाऊंनी ते वाचलं आणि बायकांमधून त्यांची थोरली बहीण कौसाबाई म्हणाली, "सर्व काऊन रे?" सर्व कशासाठी, म्हणून.

"काऊन म्हंजे?"

"पाटलाची सून कुठं जाते पान्याले? तिच्या दारात इहीर हाय. सर्व म्हनतं!"

पाटील तिथेच बसले होते. ते म्हणाले, "अवो कौसाबाई, एका शब्दानं काय बिघडते? साहेब का मोजाले येऊन राह्यला?"

"आला तं?" कौसाबाई म्हणाली. "येका इहिरीवर सापडन, अन् बाकीचंबी खोटंच धरन."

तिंबकभाऊंनी "सर्व" खोडलं. परतताना बैलगाडीत मला म्हणाले, "आमची बाई शाळेत गेली असती तं तुमाले माह्याकडे काम नसतं राह्यलं."

विहीर मंजूर झाली. ज्यांच्या विहिरी झाल्या, शाळा झाल्या, त्या गावांनी दुसऱ्या गावांना सांगितलं. साखरखेर्ड्याकडून लोक आले, पार सोनाळ्याकडून आले. लिंबाखालचं टेबल कमी पडायला लागलं तेव्हा दोन खोल्या घेतल्या. त्याच सुमारास मनोहरराव आले. त्यांचं खामगावला साप्ताहिक होतं, ते बंद पडलं होतं. हुशार, नीटनेटके, पांढरा बुशशर्ट. त्यांनी सायक्लोस्टाइलचं यंत्र आणलं, मुंबईच्या वर्तमानपत्रांतल्या ओळखी आणल्या, आणि दारावर पाटी लावली: शेळके आणि मंडळी, प्रसिद्धी व संपर्क. तिंबकभाऊ पाटीकडे बराच वेळ बघत राहिले. "यातलं संपर्क मले समजलं," म्हणाले.

प्रसिद्धी त्यांना लवकरच समजली. जिल्हा परिषदा नव्याने आल्या होत्या आणि एका बागाईतदाराला निवडून यायचं होतं. मनोहररावांनी त्याचं पत्रक लिहिलं. त्यात तो गोरगरिबांचा कैवारी होता आणि शिक्षणाचा महर्षी होता. तिंबकभाऊ म्हणाले, छापण्याआधी गावात वाचू. मनोहरराव हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. पण भाऊ उमेदवाराच्याच गावात जाऊन पारावर वाचायला उभे राहिले.

"शिक्षनाचा महर्षी?" एकाने विचारलं. "याची शाळा कुठं हाय बे?"

"गोठ्यात!" दुसरा म्हणाला. "दोन वासरं पास झाले औंदा."

हसू ओसरेपर्यंत थांबून तिंबकभाऊंनी महर्षी खोडला. मग कैवारी गेला. तासाभराने पत्रकावर उमेदवाराचं नाव आणि एक वाक्य उरलं, तेही एका म्हाताऱ्याने सुचवलेलं: पाण्याच्या टंचाईत यांनी आपली विहीर सगळ्या गावाला, कुणालाही न अडवता, उन्हाळाभर मोकळी ठेवली. उमेदवार चिडून लाल झाला होता. पत्रक तसंच छापलं आणि तो माणूस निवडून आला.

त्यानंतर आमचं कार्यालय ज्या वेगाने वाढलं, तो वेग मला आजही समजत नाही. कापसाचे जिनिंगवाले आले, सोसायट्यांचे चेअरमन आले, आमदारकीचे इच्छुक आले. प्रत्येकाला "शेळक्याचं एका वाक्याचं पत्रक" हवं होतं. मुंबईत गिरगावला खोली घेतली. पाच कारकून, दुसरा टाइपरायटर, टेलिफोन. सचिवालयात म्हणत, शेळक्यांचा कागद आहे, तपासायला नको. मनोहरराव हे वाक्य येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत.

आणि तिंबकभाऊंचा महिन्यातला अर्धा वेळ मुंबईत जायला लागला. गावात जाऊन वाचणं आधी मोठ्या कागदांपुरतं राहिलं. मग आठवलं तर.

त्या वर्षी सरकारने खेड्यांसाठी दवाखाने जाहीर केले. उमरटेकचा अर्ज करायचा होता. नमुन्यात एक रकाना होता: गाव तालुक्याशी बारमाही रस्त्याने जोडलेलं आहे काय? मुदत संपत आली होती, भाऊ मुंबईत होते. मी मनोहररावांना विचारलं, काय लिहू? मी उमरटेकला बैलगाडीतून गेले होते. पावसाळ्यात तिथली काळी माती चाक धरून ठेवते आणि नाला आला की गाव चार-चार दिवस तुटतं, हे मला माहीत होतं.

"वहिनी, नाही लिहिलंत तर कागद पहिल्या टेबलावर मरतो," ते म्हणाले. "हो लिहा. दवाखाना आला की रस्ता त्याच्या मागून येईल. दवाखान्याला रस्ता कोण नाकारतो?"

मला ते पटलं. मी होय टाइप केलं. कुणी दबाव आणला म्हणून नाही, पटलं म्हणून. भाऊ परत आले ते पुन्हा निघण्यासाठीच. एसटी स्टँडवर उभ्या उभ्या त्यांनी सात कागदांवर सह्या केल्या. उमरटेकचा त्यांत चौथा होता.

दवाखाना मंजूर झाला. इमारत उभी राहिली, पेढे वाटले. कौसाबाईने भावाची दृष्ट काढली. मग पाऊस लागला. डॉक्टरांची जीप नाल्याच्या अलीकडून परत फिरली, आणि दवाखान्याला कुलूप लागलं ते दसऱ्यापर्यंत. आम्ही रस्त्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं: आपल्याच अर्जावरून सदर गावास बारमाही रस्ता असल्याची नोंद आहे, सबब विचार करता येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. त्या दुसऱ्या पावसाळ्यात कौसाबाईची सून अडली. खाटेवर घालून माणसांनी तिला नाल्यापर्यंत आणलं आणि पाणी उतरायची वाट बघत काठावर बसले. सून वाचली. मूल गेलं.

तिंबकभाऊ गावाहून आले ते थेट फाइलींच्या कपाटाकडे गेले. उमरटेकचा अर्ज काढला, वाचला. त्याबरोबर खोडलेला कागद नव्हता, कारण तो झालाच नव्हता.

"हे कोनं लिवलं?"

मनोहरराव सायक्लोस्टाइलच्या यंत्राकडे वळले. मी म्हटलं, "मी लिहिलं, भाऊ."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "तुमी लिवलं, वहिनी. वाचलं मातर म्या नाई."

यापेक्षा जास्त ते मला त्या दिवशी बोलले नाहीत आणि नंतरही कधी नाही.

त्यांना सरकारला लिहून द्यायचं होतं की आमचा अर्ज खोटा होता. मनोहरराव पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "भाऊ, एक कागद खोटा म्हणून लिहून दिलात, की उद्या आपले सगळे कागद उघडतील. सतरा गावांची कामं तिथे टेबलावर आहेत. त्यांनी काय केलंय? आणि उमरटेकला तरी काय मिळणार? रस्ता नाहीच, दवाखानाही काढून घेतील." यातलं काहीच चूक नव्हतं. अनघा, हे तू नीट लक्षात घे. मनोहरराव लबाड नव्हते आणि ते जे म्हणाले ते सगळं शक्य होतं.

भाऊ म्हणाले, "मंग गावालेच इचारतो."

त्यांनी पत्र स्वतः लिहिलं, मराठीत. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. आम्ही उमरटेकला गेलो. चावडी भरली होती. त्यांनी नेहमीसारखं उभं राहून वाचलं: रस्ता बारमाही आहे असे आम्ही लिहिले ते खोटे आहे, पावसाळ्यात गाव तुटते, एक बाळ दगावले, ही चूक सर्वस्वी माझी आहे.

पाटील म्हणाले, "तिंबक, हे पाठवू नको. इमारत हाय गावात. आज नाई तं उद्या डॉक्टर येईन. हे पाठवलं तं इमारतीचा गोठा होईन."

दोघे-तिघे त्यांच्या बाजूने बोलले. मग कौसाबाई उठली. बायका बसल्या होत्या तिथून ती पुढे आली.

"कुलपाले डॉक्टर म्हनता का तुमी?" ती पाटलांना म्हणाली. "नातू गेला माह्या. पाठव रे तू." आणि मग भावाकडे वळून, "पन थे सर्वस्वी काऊन?"

तिंबकभाऊंनी कागदातल्या त्या शब्दाकडे पाहिलं.

"रस्ता नाई हे आमाले ठाऊक नोतं का? दवाखाना आला तं साऱ्यायनं पेढे खाल्ले. कोनं इचारलं, का बाप्पा, कागदात काय होतं? म्याबी नाई इचारलं. तुह्या येकट्याची चूक कशी? खोड थे."

पाटील खाली बघत होते. तिंबकभाऊंनी लेखणी काढली आणि "सर्वस्वी" खोडलं.

पत्राची नक्कल ते स्वतः मुंबईला घेऊन गेले. तो तरुण अधिकारी आता वरच्या जागेवर होता. त्याने वाचलं आणि म्हणाला, "शेळके, तोंडी सांगितलं असतंत. लेखी कशाला दिलंत?" तिंबकभाऊ म्हणाले, "खोटं लेखी देल्लं होतं, साहेब."

मनोहरराव म्हणाले होते तसंच बरंचसं झालं. चौकशी लागली. सतरा गावांचे कागद पुन्हा तपासायला निघाले, आणि काही गावांची कामं लांबली. ती माणसं येऊन भाऊंना वाट्टेल तसं बोलून गेली. भाऊ त्यांना खुर्ची देत आणि ऐकून घेत. उमरटेकचे डॉक्टर दुसऱ्या गावी गेले. पुढाऱ्यांनी यायचं बंद केलं. मनोहररावांनी गिरगावची खोली आणि दुसरा टाइपरायटर घेतला आणि वेगळे झाले. त्यांची फर्म पुढे फार मोठी झाली, आणि "एका वाक्याचं पत्रक" ही त्यांची खासियत म्हणून सांगितली जाऊ लागली. फक्त ते वाक्य आता गावात वाचलं जात नसे.

उमरटेकचा रस्ता तीन वर्षांनी यादीत आला. नाल्यावर फरशीचा पूल झाला आणि त्यानंतर डॉक्टर परत आले.

आम्ही मेहकर सोडून पुण्याला निघालो त्या सकाळी एसटी कचेरीवरून गेली. लिंबाखाली टेबल होतं. तिंबकभाऊ उभे होते, केस पांढरे झालेले, कागद डोळ्यांपासून लांब धरलेला. समोरच्या तीन खुर्च्यांवर तीन माणसं बसली होती. भाऊ वाचत होते, दुसऱ्या हातात लेखणी, टोपण काढलेली. मी खिडकीतून हात केला, पण त्यांनी वर पाहिलं नाही. तिघांपैकी एकाने काहीतरी म्हणायला हात वर केला होता आणि ते त्याच्याकडे बघत होते.

तिंबकभाऊ जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. उमरटेकचा रस्ता डांबरी आहे आणि दवाखाना बाराही महिने उघडा असतो, हे मी मागच्या महिन्यात फोन करून विचारून घेतलं. चावडीवर वाचलेलं ते पत्र माझ्याकडे आहे. कपाटात, वरच्या कप्प्यात, निळ्या फाइलमध्ये. त्यातला एक शब्द खोडलेला आहे.

तुमची आजी